उकळी न येणारी बॅटरी

"हैदराबादला नाव? कुठे चालवणार, चारमिनारला प्रदक्षिणा घालायला?" दाभोळच्या धक्क्यावर मी आठवड्याची सुट्टी घेतेय म्हटल्यावर पहिला प्रश्न हा आला. विचारणारा आमच्याच फेरीबोटीवरचा तांडेल. त्याला उत्तर दिलं असतं तर अख्खा धक्का गोळा झाला असता, म्हणून मी पिशवीत केबलची टोकं चेपायचा मोठा चिमटा कोंबला. नावांचं वायरिंग करणारी बाई म्हणून इथे माझी पुरेशी करमणूक होते, त्यात आणखी भर नको होती.

पण प्रश्न चुकीचा नव्हता. समुद्रापासून इतक्या लांब, दगडांच्या पठारावरच्या शहरात मी नावेला लिथियमच्या बॅटऱ्या बसवायला निघाले होते. बोलावणं आतोबांचं होतं. माझी कुसुमआत्या लग्न होऊन हैदराबादला गेली त्याला आता चाळीसहून जास्त वर्षं झाली. आतोबा मूळचे नांदेडकडच्या शेतकरी घरातले, नोकरी रेल्वेतली, डब्यांमधल्या दिव्यापंख्यांच्या बॅटऱ्या सांभाळण्याची. फोनवर ते म्हणाले होते, "पोरी, तुझ्या आत्याला येकदा पान्यावर न्यायचंय. धूर नक्को, आवाज नक्को. ते नव्या बॅटऱ्याचं काम तुलाच जमतंय मनतात. येलालीस का?" आतोबा कुणाला कधी काही मागत नाहीत. मी लगेच हो म्हटलं.

या बॅटऱ्या विमानातून नेता येत नाहीत, आणि गाडीतून न्यायची माझी इच्छा नव्हती. त्या ट्रान्सपोर्टने आधीच रवाना केल्या होत्या. माझ्याबरोबर फक्त हत्यारं, चार्जर आणि आत्यासाठी कोकम, कुळथाचं पीठ आणि सुकवलेला जवळा. जवळ्याच्या पिशवीला चार पिशव्यांची वेष्टणं घातली होती, तरी पुण्याहून सुटलेल्या गाडीत समोरच्या काकूंनी दौंडच्या आधीच नाकाला पदर लावला. सोलापूरला मी त्यांना शेंगाचटणी घेऊन दिली तेव्हा कुठे आमचं बोलणं सुरू झालं. नंतर खिडकीबाहेर तुरीची रिकामी रानं लागली, मग काळे खडक, एकावर एक कुणीतरी रचून ठेवावेत असे. पाणी कुठेच दिसेना, आणि मला तांडेलाचा प्रश्न पुन्हा आठवला.

सिकंदराबादला उतरले तेव्हा थंडी ओसरत आली होती. रिक्षावाल्याने माझी पिशवी उचलली आणि तोंड वाकडं केलं. "क्या लोहा भरे की मा इसमें?" (यात काय लोखंड भरलंय?) मी हो म्हटलं. त्यावर तो खूश झाला आणि बरकतपुऱ्यापर्यंत मेट्रोच्या खांबांना शिव्या घालत त्याने मला सुखरूप पोचवलं.

दार आतोबांनी उघडलं. आतून एक सततची घरघर येत होती. आत्या खाटेवर उशांना टेकून बसली होती, नाकाशी बारीक पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक कोपऱ्यातल्या ऑक्सिजनच्या यंत्राला. तिची फुप्फुसं खराब होत चालल्याचं मला ठाऊक होतं, पण फोनवर नळी दिसत नाही. माझी आत्या म्हणजे खाडीत पोहत पलीकडे जाऊन शिंपल्या घेऊन येणारी मुलगी, असं मी बाबांकडून ऐकत आले होते. मला रडू आलं. ते लपवायला मी जवळ्याची पिशवी सोडू लागले.

"जवळा आणलायस?" आत्याने वास ओळखला. "म्हणजे नाक अजून चालतंय माझं. बाकी सगळं मशीनवर हाय बाय."

जेवणात आंबाड्याची डाळ होती, जिला आत्या आता पप्पू (तेलुगूत वरण) म्हणते, ज्वारीची भाकरी, आणि माझ्यासाठी केलेली सोलकढी. कोकम संपलेलं म्हणून ती चिंचेची होती. तिला सोलकढी म्हणणं धाडसाचं होतं. मी तीन वाट्या प्याले.

जेवताना सगळी गोष्ट कळली. सोलापूरच्या एका नातेवाइकाने हे लग्न जमवलं तेव्हा आत्याने एकच विचारलं होतं, तुमच्याकडे खाडी आहे का? आतोबांनी निरोप पाठवला, खाडी नाही, पण तळी पुष्कळ आहेत, नाव घेऊन देईन. ते राहून गेलं. नोकरी, मुलगा, मुलाचं शिक्षण, मुलाचं परदेशी जाणं. निवृत्तीनंतर आतोबांना शहराबाहेरच्या एका तळ्यावर यादगिरी नावाचा कोळी भेटला. ते दर रविवारी त्याच्या नावेत जाऊन बसू लागले. त्या तळ्याचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, लोक तिथे वेफर्सची पाकिटं घेऊन पोचतील. पण यादगिरीच्या नावेला डिझेलचं इंजिन होतं, आणि आत्याला तोवर उदबत्तीचासुद्धा धूर सोसेनासा झाला होता.

म्हणून हा बेत ठरला. यादगिरीला पटवून आतोबांनी इंजिन उतरवलं होतं, विजेवर चालणारी मोटर मागवली होती. बारा-बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून चोवीसवर मोटर चालणार, आणि त्यांच्यावरच इन्व्हर्टर लावून आत्याचं ऑक्सिजनचं यंत्रही चालणार. डॉक्टर म्हणाले होते, न्यायचं असेल तर उन्हाळ्याच्या आत न्या. पुढचं ते बोलले नव्हते.

"येकदाच," आतोबा भाकरी मोडत म्हणाले. "येक चक्कर झाली की बस."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात बॅटऱ्यांची खोकी उघडली. आतोबांनी एक उचलून पाहिली आणि लगेच खाली ठेवली. "रिकामी हाय का ही?"

"भरलेली आहे आतोबा. लिथियम हलकीच असते."

त्यांनी झाकण शोधलं. झाकण नव्हतं. पाणी घालायची भोकं नव्हती. रेल्वेत त्यांनी आयुष्यभर शिशाच्या बॅटऱ्या सांभाळल्या. डिस्टिल्ड वॉटर घालायचं, काचेच्या पिचकारीने आम्ल ओढून त्याची घनता बघायची, चार्जिंगला लावायचं आणि मग कान लावायचा. शिशाची बॅटरी पूर्ण भरत आली की आतलं पाणी बुडबुडतं. त्याला ते उकळी म्हणतात. उकळीच्या आवाजावरून बॅटरीतलं कुठलं घर भरलं, कुठलं मागे आहे, हे त्यांना न बघता कळायचं. आता त्यांनी व्हरांड्यातल्या फरशीवर उकिडवं बसून नव्या निळ्या खोक्याला कान लावला.

"काहीच बोलना गेली," ते म्हणाले.

मला हसू आलं आणि मी ते आवरलं नाही. मग समजावून सांगितलं. या बॅटरीला उकळी येत नाही, तशी यायची वेळ आली तर आपण पळायचं. आत सर्किटची एक राखणदार पाटी असते, आम्ही तिला बीएमएस म्हणतो. जास्त भरलं, जास्त उपसलं की ती दार बंद करते. दोन्ही बॅटऱ्या जोडण्याआधी एकेक वेगळी पूर्ण भरून घ्यायची, म्हणजे दोघी सारख्या पातळीवर येतात. नाहीतर एक पुढे, एक मागे, आणि भांडण. चार्जर हिचाच लागतो, दुसरा चालत नाही.

आतोबा लक्ष देऊन ऐकत होते. मान हलवत होते. कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा चार्जर होता, भंगारातून आणून, आतल्या तारा हाताने पुन्हा गुंडाळून त्यांनी बनवलेला, राखाडी पत्र्याचा, तपेल्याएवढा. चोवीस व्होल्टचा. त्याच्यावर त्यांनी अर्ध्या बरकतपुऱ्याच्या इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जिवंत केल्या होत्या. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हटलं, "तो मात्र हिला दाखवूसुद्धा नका."

"बरं," ते म्हणाले. एवढंच.

एक बॅटरी भरायला दिवस जातो. दोन दिवस मी व्हरांड्यात मीटर घेऊन बसले आणि मधून मधून आत्याशेजारी. ती माझ्याकडे खाडीची चौकशी करायची. धक्क्याच्या पायऱ्या अजून आहेत का, भरतीला कितवी बुडते, पलीकडचं पिंपळाचं झाड आहे का. झाड पडलं होतं. मी आहे म्हटलं. संध्याकाळी समोरच्या गच्चीवर कुणीतरी कपडे झाडायचं आणि त्या फटकाऱ्याला ती दचकायची. "शीड फाटल्यासारखं वाटतं गं," म्हणायची. एवढ्या वर्षांनी.

तिसऱ्या दिवशी राणीगंजला जाऊन जाड केबल आणि तांब्याचे लग (केबलच्या टोकाला चेपून बसवायचे कान) घेतले. दुकानदाराने आधी आतोबांनाच सगळं विचारलं. मी चिमट्याने एक लग चेपून दाखवला तेव्हा त्याने मलाही चहा मागवला. मग आम्ही टेम्पोत बॅटऱ्या टाकून तळ्यावर गेलो. शहर संपता संपेना. काचेच्या इमारती, मग अर्ध्या बांधलेल्या इमारती, मग सीताफळाची झुडपं, आणि एका वळणानंतर एकदम पाणी. मी कबूल करते, मला अपेक्षा नव्हती. पाणी सपाट, रुंद, कडेला मोठमोठे गोल खडक आणि मधे बदकांचे काळे ठिपके.

यादगिरी काठावर वाट बघत होता. पन्नाशीचा, बारीक, बोलायला सुरुवात केली की न थांबणारा. "इंजन निकले सो दिन से नाव मेरे से रूठ गई अम्मा," (इंजिन काढल्यापासून नाव माझ्यावर रुसलीय) असं त्याने मला सांगितलं. नाव फायबरची, जुनी पण नीट. मागच्या फळीखाली बॅटऱ्यांची पेटी बसवली, वारा खेळेल अशी. केबल कडेने बांधून नेली, बॅटरीजवळ फ्यूज, मग स्विच, मग मोटर. इन्व्हर्टर उंचावर, शिंतोडे उडणार नाहीत तिथे. माझ्या हाताखाली आतोबांनी एकेक नट दोनदा आवळला. त्यांचे हात अजून पक्के आहेत.

मग आम्ही तिघं चाचणीला निघालो. स्विच दाबला आणि नाव निघाली, आवाजाशिवाय. पाणी नुसतं बाजूला होत होतं. बदकं उडाली नाहीत. यादगिरीचं बोलणं थांबलं. आतोबा पुढच्या टोकाला पाठमोरे बसले होते. वळून न बघता म्हणाले, "हे तिला पायजे होतं."

ही फेरी आम्ही आधी आत्याला घडवायला हवी होती. पण चाचणीशिवाय तिला बसवायचं माझ्या मनातही आलं नसतं. त्या संध्याकाळी मला फार आनंद झाला होता, हे लिहितानासुद्धा टोचतं.

तळ्याकाठी वीज नाही, म्हणून बॅटऱ्या काढून घरी आणल्या. चाचणीत त्या थोड्याच उतरल्या होत्या, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन्ही पुन्हा पूर्ण भरल्या, मी चार्जर काढला आणि आत्यासाठी गादी आणि पाठ टेकायची खुर्ची बघायला नारायणगुड्याला गेले. आत्याने रंग सांगून ठेवला होता, निळा नको, पाणी निळंच असतं. हिरवी मिळाली. एका इराण्याकडे चहा घेतला, गर्दीतून रमतगमत परत आले. आतोबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. बॅटऱ्या दाराशी होत्या, जिथे ठेवल्या होत्या तिथेच.

दुसऱ्या दिवशी, तळ्यावर जायच्या सकाळी, आत्या सगळ्यांच्या आधी जागी होती. तिने स्वतः वेणी घातली होती, त्याला तिला बराच वेळ लागला असणार. मोतिया रंगाची साडी, कपाळाला कुंकू, नाकाशी नळी. "नळी दागिन्यात धरा," म्हणाली. गाडीतल्या प्रवासासाठी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर होता, तो मी भरून घेतला होता. घरचं यंत्रही गाडीत घेतलं होतं, नावेत पोचल्यावर ते इन्व्हर्टरवर लावायचं. रस्त्याने आतोबा तिला दुकानं, पूल, नवीन इमारती दाखवत होते आणि ती प्रत्येक गोष्टीला हौ म्हणत होती. किती महिन्यांनी ती घराबाहेर पडली होती.

तळ्यावर धुकं विरत होतं. यादगिरीने आणि मी हाताची खुर्ची करून तिला नावेत बसवलं. हिरव्या खुर्चीत ती बसली, हात लांब करून पाण्यात बोटं बुडवली आणि ती बोटं जिभेला लावली. "गोडं," म्हणाली. आणि हसली. मी बॅटऱ्या पेटीत ठेवल्या, केबल जोडली, स्विच दाबला.

काही झालं नाही.

पुन्हा दाबला. फ्यूज पाहिला. मीटर लावला. एका बॅटरीवर सगळं ठीक. दुसरीच्या टर्मिनलांवर शून्य. आणि टर्मिनलच्या खाचेत बारीक हिरवी भुकटी, जुन्या शिशाच्या बॅटरीच्या चिमट्यांना चढते ती. माझ्या चिमट्यांना ती नसते. मी मान वर केली. आतोबा काठावर उभे होते आणि माझ्याकडे बघत नव्हते.

मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं. एका बॅटरीवर मोटर चालत नाही, इन्व्हर्टरही चोवीसचाच. मी म्हटलं, "लूज कनेक्शन असेल. घरी जाऊन बघावं लागेल."

"म्हणजे आज नाही?" आत्याने विचारलं.

"परवा नक्की, आत्या."

तिने बोटं पुन्हा पाण्यात घातली. मग अगदी हळू म्हणाली, "बाय, वल्ही हायत की. वल्ह्याने ने. जरासं. त्या खडकापर्यंत."

यादगिरी लगेच पुढे आला. "फिकर नक्को अम्मा. मैं चप्पू मारके ले जातूं, किनारे-किनारेच." (काळजी नको. मी वल्हं मारत नेतो, काठाकाठानेच.) त्याचा हात दोरीवर होता.

मी सिलिंडरचा काटा पाहिला. गाडीने परत जायला किती लागेल, रस्त्यात अडकलो तर किती, असा हिशोब डोक्यात केला. यंत्र बंद, मधेच दम लागला तर? धंद्यात मी एक नियम पाळत आलेय, खात्री नसलेली नाव धक्का सोडत नाही. त्या नियमाने माणसं वाचली आहेत. मी म्हटलं, "नाही आत्या. परवा. सगळं नीट करून नेते तुला."

तिने हट्ट केला नाही. तिला पुन्हा हातांच्या खुर्चीत उचलून आणताना ती जाताना होती त्यापेक्षा जड लागली. यादगिरी दोरीची गाठ, जी सुटलीच नव्हती, उगाच पुन्हा आवळत बसला.

घरी पोचल्यावर सिलिंडर काढून नळी यंत्राला लावताना काटा पाहिला. अजून बराच ऑक्सिजन शिल्लक होता.

आतोबा दुपारी व्हरांड्यात आले आणि माझ्यासमोर फरशीवर बसले. मी बॅटरी उघडून बसले होते. आतली पाटी एका कोपऱ्यात काळी पडली होती.

"मीच लावलतो," ते म्हणाले. "तू नारायणगुड्याला गेलीस तवा. दोन्ही जोडून, माझ्या चार्जरवर. मनलं, वरून थोडं भरावं. तिच्यासाठी हाय, कमी नक्को पडायला."

"किती वेळ?"

"कान लावून बसलतो. उकळी येना गेली. मनलं, अजून भरली नाही. उकळी येईस्तोवर ठेवलं." ते थांबले. "मग खट्ट झालं. मी काढून टाकलं. मला वाटलं, काही नाही झालं."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. एका पाटीने दार बंद केलं, मग मोठ्या चार्जरचा सगळा दाब तिच्यावर आला आणि ती जळली. ते ऐकत होते, पहिल्या दिवसासारखंच लक्ष देऊन. मी चिडायला हवं होतं. पण ज्या कानाने त्यांनी आयुष्यभर गाड्यांमधले दिवे जळते ठेवले, तोच कान लावून ते तासन् तास त्या मुक्या खोक्याशेजारी बसले होते, बायकोला हवा कमी पडू नये म्हणून. मला त्यांच्यावर रागवता आलं नाही. त्यांना फक्त नको म्हटलं होतं मी, आणि हसले होते. नसलेली उकळी ऐकायची सवय सोडायला कुणाला एका हसण्यात जमेल?

"तिला सांगशील?" त्यांनी विचारलं.

"लूज कनेक्शन होतं," मी म्हटलं.

परवा आला नाही. त्याच रात्री आत्याला कणकण आली, सकाळी खोकला. डॉक्टर घरी आले, छाती तपासली आणि म्हणाले की आता बाहेर नाही. तळ्याच्या हवेने झालं असं ते म्हणाले नाहीत, आम्हीही विचारलं नाही. कळवल्याबरोबर नवीन बॅटरी निघाली आणि काही दिवसांनी दारात आलीसुद्धा. मी सुट्टी वाढवली. दोघींना पुन्हा एकेक करून भरलं, पातळी जुळवली. सगळं अचूक झालं. नाव तळ्याकाठी बांधलेली होती, यादगिरी रोज फोन करून विचारायचा, "अम्मा कैसे है?" मी त्याला दर वेळी थोडं बरं आहे असं सांगायचे.

शेवटी आतोबाच म्हणाले, "ह्या घरीच लाव." बरकतपुऱ्यात वीज फार जात नाही, पण गेली की जुना इन्व्हर्टर ऑक्सिजनच्या यंत्राला धाप लागेपर्यंतच साथ द्यायचा. आत्याच्या खाटेखाली मी नावेची पेटी बसवली. तेच लग, तोच फ्यूज, तोच स्विच. खाटेच्या पायाशी केबल बांधताना मला नावेच्या कडेला बांधलेली केबल आठवली. आतोबांनी नट दोनदा आवळले.

जोडून झाल्यावर मी मेन स्विच बंद केला. घर काळोखात गेलं, पंखा थांबला. यंत्राची घरघर तेवढी चालू राहिली.

"नावेतलीच का गं ही?" आत्याने डोळे मिटूनच विचारलं.

"हो."

"चालते म्हणजे."

तिने मग आतोबांकडे हात केला आणि ते तिच्याशेजारी बसले. मी स्विच लगेच चालू केला नाही.

निघायच्या दिवशी आत्याने मला जवळ बोलावलं. एकेक शब्द श्वास घेत घेत ती बोलत होती. "तू नको म्हणालीस ते बरोबरच होतं बाय. तुझं काम तसं हाय." मग, "पण मी नावेत बसले होते गं."

मी तिच्या पायाला हात लावला आणि बाहेर आले. आतोबांनी रिक्षापर्यंत पिशवी आणली. ती आता हलकी होती, केबल आणि लग सगळे तिथेच राहिले होते. "चार्जर मोडीत काढलो," ते म्हणाले. मी म्हटलं, कशाला, इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांना लागेल की. ते नक्को म्हणाले.

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले आणि तेच काळे खडक, तीच रिकामी रानं उलट क्रमाने गेली. दाभोळला पोचले तेव्हा भरती होती, धक्क्याच्या खालच्या पायऱ्या बुडालेल्या. तांडेलाने विचारलं, "काय, चालली का नाव हैदराबादला?" मी चालली म्हटलं, ते खोटं नव्हतं. बॅटऱ्या उत्तम चालल्या. त्यांच्याबद्दल मला कुणी विचारलं तर मी अजूनही तेच सांगेन, वेगळ्या भरा, मग जोडा, घाई करू नका.

महिन्याभराने आतोबांचा फोन आला. बॅटऱ्या शेवटपर्यंत नीट चालल्या, हे त्यांनी आधी सांगितलं. मग बाकीचं.

त्या दिवशी मी धक्क्यावर बसून होते. नियम मला आजही बरोबर वाटतो आणि उद्याही मी तो पाळीन. पण त्या सकाळी पाणी हललं नव्हतं, वल्ही नावेत होती, खडक काठापासून हाकेच्या अंतरावर होता आणि यादगिरीचा हात दोरीवर होता. दोरी सोडायला किती वेळ लागतो ते मला चांगलं ठाऊक आहे. माझा रोजचा धंदा आहे तो.